चाकं मोठी झाली, ब्रेक तेच राहिले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहन पुरवणीत खडकाळ, चिखलाच्या वाटांसाठी गाडी कशी तयार करावी यावर पानभर मजकूर आला होता. गाडी उंच करणारं लिफ्ट किट, ३३ इंची टायर, अडकलेली गाडी ओढून काढणारी विंच, पोलादी बंपर, छतावरचा कॅरियर, दिवे, सगळ्यांना ऐसपैस जागा मिळाली. ब्रेकच्या वाट्याला शेवटचं दीड वाक्य आलं, आणि तेही असं की हौस असेल तर मोठे कॅलिपर (डिस्कला पॅडने चिमटणारे भाग) आणि स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या) बसवता येतात.

मी ब्रेकची कामं करणारा माणूस. हौशी मंडळींच्या गाड्या एकत्र डोंगरवाटेला निघण्याआधी त्या तपासून ‘जाऊ द्या’ किंवा ‘आज नको’ सांगायचं कामही माझ्याकडे असतं. गाडीखाली पाठीवर पडून बॅटरीच्या उजेडात जे दिसतं, ते त्या पानात नव्हतं, म्हणून हे पत्र. लांबलं आहे याची कल्पना आहे. कात्री लावायची तर कुठेही लावा, फक्त मागच्या चाकांच्या व्हॉल्व्हबद्दल लिहिलंय तेवढं राहू द्या.

आधी टायर. ब्रेक चाकाला मध्याजवळ धरतो आणि रस्ता त्याला कडेवर ढकलत असतो. कड जितकी लांब, तितका रस्ता वरचढ. २९ इंची टायर काढून ३३ इंची घातला, की पेडलवर तेवढाच पाय ठेवून जमिनीवर मिळणारा अडवण्याचा जोर सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो. ब्रेकचा एकही भाग बिघडलेला नसतो, त्यामुळे कोणी तक्रारही घेऊन येत नाही. पाय आपोआप जास्त दाबायला शिकतो आणि मालकाला वाटतं, सगळं पहिल्यासारखंच आहे. शिवाय मोठा टायर जड असतो. चाकामागे आठ-दहा किलो सहज वाढतात, आणि हे वजन बाहेरच्या कडेला असून फिरत असतं, म्हणून ते थांबवणं छतावरचे तेवढेच किलो थांबवण्यापेक्षा महाग पडतं.

मग त्यावर विंच, बंपर, दुसरी बॅटरी, पाण्याचे कॅन, अवजारांची पेटी, तंबू. दोन टनांची गाडी चारशे किलोंनी वाढवायला फारसं काही करावं लागत नाही, ती वाढतेच. वजन २० टक्के वाढलं की त्याच वेगातून थांबताना ब्रेकला पचवावी लागणारी ऊर्जाही २० टक्के वाढते. एकीकडे पकड घटली, दुसरीकडे काम वाढलं, आणि मधल्या डिस्क-ड्रमला (चाकाबरोबर फिरणारी तबकडी किंवा डबा, ज्यावर पॅड किंवा शू घासून चाक थांबतं) याचा पत्ताच नाही.

यावर मला ठरलेलं उत्तर ऐकायला मिळतं की आम्ही तिथे दहा-पंधराच्या वेगाने चालतो, ब्रेकचा संबंध कुठे येतो? एक तर त्या जागेपर्यंत आणि तिथून घरी सगळे मोठ्या रस्त्याने, भरल्या गाडीने, बऱ्यापैकी वेगात जातात. दुसरं म्हणजे सावकाश उतरल्याने उंची कमी होत नाही. दोन टनांची गाडी ताशी ८० किलोमीटरने धावताना तिच्यात सुमारे ४९४ किलोज्यूल ऊर्जा असते. तीच गाडी ५०० मीटर उंची उतरून खाली येते तेव्हा साधारण ९,८०० किलोज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात. ८० च्या वेगातून वीस वेळा पूर्ण थांबण्याइतकं हे काम आहे. त्यातलं काही टायर आणि वारा घेतात, उरलेलं इंजिन आणि ब्रेकने वाटून घ्यायचं. इंजिनने जास्त घेतलं तर डिस्क थंड राहते. म्हणून लो रेंजमधला (फोर बाय फोर गाडीतली कमी वेगाची, जास्त जोराची गिअरजोडी) पहिला गिअर मी ब्रेकच्या यादीत सगळ्यात वर धरतो. तो गाडीबरोबरच आलेला असतो आणि त्यावर खर्च नाही.

उताराचा विषय निघालाच आहे तर एक प्रसंग सांगतो, जो वाटेवर वारंवार येतो आणि ब्रेकच्या दुकानात कोणी बोलत नाही. गाडी चढ चढता चढता अर्ध्यात थांबते आणि उलटी उतरवावी लागते. आता सगळा भार मागच्या चाकांवर आलेला असतो. पण ब्रेक बनवताना जोर पुढच्या चाकांना जास्त दिलेला असतो, कारण सरळ जाताना थांबलं की वजन पुढे येतं. त्यामुळे उलट उतरताना हलकी झालेली पुढची चाकं आधी जाम होतात, जाम चाकाने स्टिअरिंग चालत नाही, आणि गाडी आडवी व्हायला लागते. आडवी गाडी चढावर काय करते ते लिहायला नको. अशा वेळी क्लच दाबून ब्रेकवर घसरत येण्याऐवजी फोर बाय फोर लो रेंजमध्येच ठेवावं, रिव्हर्स गिअर टाकावा आणि इंजिनच्या जोरावर उतरावं. पुढचे-मागचे शाफ्ट जोडलेले असल्यामुळे पुढची चाकं एकटी जाम होऊ शकत नाहीत. पुढे ड्रम असलेल्या काही जुन्या गाड्यांत दोन्ही शू ‘लीडिंग’ असतात, म्हणजे चाक पुढे फिरताना ते स्वतःहून ड्रममध्ये खेचले जातात. चाक उलटं फिरलं की ही मदत संपते आणि ब्रेक अंगचोरपणा करतो. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी सपाट जागेवर रिव्हर्समध्ये ब्रेक दाबून बघावा म्हणजे फरक पायाला कळेल.

आता गाडी उचलण्याविषयी. दोन-तीन इंच लिफ्ट केली की चाकांचा अॅक्सल चेसिसपासून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून, तेवढा लांब जातो, पण चेसिसवरून अॅक्सलकडे जाणारा ब्रेकचा होज पूर्वीच्याच लांबीचा राहतो. गाडी जमिनीवर उभी असताना तो ठीक दिसतो. खड्ड्यात चाक लोंबकळलं की ताणतो. म्हणून मी तपासताना गाडी चेसिसखाली टेकू देऊन उचलतो, चाकं पूर्ण खाली लोंबू देतो आणि पुढची चाकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघतो. होज ताणला, पिळला किंवा टायरला, स्प्रिंगला घासला तर गाडी निघत नाही. एबीएसच्या (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरची वायरही याच वेळी बघायची, ती होजपेक्षा आधी तुटते. लांब होज घालताना तो ढिला लोंबता ठेवून भागत नाही. चाक वर आल्यावर तो कुठे जातो तेही बघावं लागतं. काही जण जुना होज वाचवण्यासाठी चेसिसवरचा ब्रॅकेट सोडून पाइप हाताने खाली वाकवतात. थोडासा वाकवणं चालतं, चिमटलेला पाइप चालत नाही, आणि या दोन्हींमधली रेघ घाईत कोणाला दिसत नाही.

आणि आता तो व्हॉल्व्ह. बऱ्याच गाड्यांत मागच्या अॅक्सलच्या वर, चेसिसला, भार ओळखणारा एक प्रेशर व्हॉल्व्ह असतो. त्यातून एक दांडी किंवा स्प्रिंग अॅक्सलपर्यंत आलेली असते. मागे सामान भरलं की गाडी बसते, अंतर कमी होतं, दांडी वर ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर जाऊ देतो. गाडी रिकामी असली की अंतर वाढतं आणि तो मागचं प्रेशर रोखतो, नाहीतर हलकी मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. साधी, यांत्रिक, हुशार योजना. तिला फक्त अंतर कळतं. तुम्ही लिफ्ट किट घातलं की अंतर कायमचं वाढतं, आणि हा व्हॉल्व्ह इमानदारीने समजतो की गाडी रिकामी आहे. मागे कॅन, तंबू, अवजारं, माणसं असा खच्चून माल भरलेला, आणि मागचे ब्रेक मात्र रिकाम्या गाडीचे! सगळं ओझं पुढच्या डिस्कवर येतं. पुढचे पॅड लवकर संपतात, लांब उतारावर डिस्क तापून निळ्या पडतात, आणि मालक गॅरेजमध्ये येऊन सांगतो की कंपनीचे ब्रेक कमी पडतात, मोठे घालायचे आहेत.

मोठे कॅलिपर मागायला आलेल्यांपैकी पुष्कळांच्या गाडीत मुळात हेच दुखणं निघतं. उपाय म्हणजे लिफ्ट जितकी, तितकाच दांडीचा अॅक्सलकडचा टेकू उंच करणारा एक ब्रॅकेट, आणि नंतर त्या गाडीच्या वर्कशॉप पुस्तकाप्रमाणे, जमलं तर पुढे-मागे प्रेशर गेज लावून, केलेली जुळणी. तासा-दोन तासांचं काम. त्याऐवजी मी जे बघतो ते असं: दांडी तारेने वर बांधून ठेवलेली, किंवा व्हॉल्व्हच काढून पाइप सरळ जोडलेला. मग मागच्या चाकांना सदासर्वकाळ पूर्ण प्रेशर मिळतं. कोरड्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीत हे छान वाटतं. रिकामी गाडी, ओला रस्ता, वळण आणि जोरात दाबलेला पाय एकत्र आले की गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो. तारेने बांधलेली गाडी मी सोडत नाही, मग मालक कितीही जुना मित्र असो.

याच व्हॉल्व्हची आणखी एक खोड. काही गाड्यांत त्यालाही ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायचा निपल असतो आणि तो विसरला जातो. शिवाय गाडी जॅकवर, अॅक्सल लोंबकळलेला असताना मागची हवा काढायला बसलात तर व्हॉल्व्ह जवळजवळ बंद असतो. तेल नीट येत नाही, माणूस पेडल मारून थकतो आणि शेवटी पेडलच्या जोराने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरला शिव्या देतो. गाडीचं वजन चाकांवर असू द्या, मग हवा काढा.

सुधारणा म्हणजे नवं काहीतरी विकत घेणं, असा समज आहे. माझ्याकडे आलेली गाडी मी आधी कंपनीने दिली होती त्या अवस्थेला आणतो. एवढ्यावरच निम्मे लोक समाधानाने परत जातात. ब्रेक ऑइलपासून सुरुवात. ते उघड्या मिठासारखं हवेतला ओलावा ओढत राहतं. नवीन डॉट ३ प्रतीच्या ऑइलला २०५ अंश सेल्सिअसच्या आधी उकळायची परवानगी नाही, डॉट ४ ला २३०, डॉट ५.१ ला २६०. पण ३.७ टक्के पाणी शिरल्यावर हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० असे उरतात. लांब उतारावर कॅलिपरमधलं ओलं ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल जमिनीला जाऊन टेकतं. थोडं थांबलं की पुन्हा ठीक होतं, म्हणून लोक त्याला ‘मधेच होतं कधीकधी’ म्हणून सोडून देतात. पाण्या-चिखलातून जाणाऱ्या गाडीचं ऑइल मी दर वर्षी बदलतो, कंपनीने दोन वर्षं म्हटलं असलं तरी. डॉट ३, डॉट ४ आणि ५.१ एकाच जातीचे आहेत. डॉट ५ मात्र सिलिकोनचं असतं, त्यांच्यात मिसळत नाही, एबीएस असलेल्या गाडीत घालू नये, आणि त्यात शिरलेलं पाणी विरघळत नसल्यामुळे सखल जागी साचून आतून गंज धरतं. आकडा मोठा म्हणून माल चांगला, हा हिशेब इथे फसतो.

त्यानंतर कॅलिपरच्या सरकत्या पिना. चिखल शिरून त्या अडकल्या की आतला पॅड झिजून पत्रा उरतो आणि बाहेरचा जवळजवळ नवा असतो. चाक काढून दोन्ही पॅड शेजारी धरले की निदान झालं. पिना साफ करून उष्णता सोसणारं सिलिकोन ग्रीस लावायचं. साधं पेट्रोलियमचं ग्रीस रबर फुगवतं आणि महिन्याभरात पिना पुन्हा अडकतात. जुना रबरी होज बाहेरून धडधाकट आणि आतून सुजलेला असू शकतो. दाबलेलं प्रेशर जातं, सुटत नाही, आणि एक चाक तापत राहतं. त्या चाकाचा निपल उघडून थेंबभर तेल सोडल्यावर चाक मोकळं फिरलं तर दोष होजचा असण्याचा संभव मोठा. आणि कृपा करून कॅलिपर काढल्यावर होजला लटकवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. तार तिथे वापरायची असते.

स्टीलच्या जाळीचे होज चांगले की वाईट, असं मला विचारतात. पेडल थोडं घट्ट वाटतं, कारण होज फुगत नाही. थांबण्याचं अंतर त्याने घटत नाही. जाळी ज्याला घासते त्याला कापते, आणि जाळीत अडकलेली रेती आतली नळी खाते, म्हणून वरून प्लास्टिकचं आवरण असलेलेच घ्यावेत आणि दोन्ही टोकांना नीट आधार द्यावा. उघड्या जाळीचे चमकदार होज प्रदर्शनातल्या गाडीला शोभतात.

पॅडबद्दल थोडक्यात. शर्यतीच्या गाडीचे पॅड तापल्यावर चावतात. थंड असताना, म्हणजे आपली गाडी बहुतेक वेळ असते तेव्हा, ते आळशी असतात. खडकाळ वाटेवर पहिल्या स्पर्शाला लागणारा पॅड हवा. बऱ्याच पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, पहिलं साधारण तापमानाचं आणि दुसरं तापलेल्या अवस्थेचं घर्षण सांगतं. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड तापल्यावर दगा देणार, हे विक्रेत्याने न सांगताही कळतं. भोकं पाडलेल्या डिस्कच्या मी विरोधात आहे. भोकांत चिखल आणि बारीक खडी बसते, भोकांपासून तडे जातात, आणि जे लोखंड उष्णता साठवणार होतं तेच कमी झालेलं असतं. तिरप्या खाचांच्या डिस्क चालतात. त्या पाणी आणि चिखल पुसून काढतात, पॅड मात्र जरा लवकर खातात. डिस्कमागचा धुळीचा पत्रा ठेवावा की काढावा यावर आम्ही गॅरेजवाले तास न् तास भांडू शकतो. मी ठेवतो, आणि दगड अडकू नये म्हणून कड किंचित बाहेर वाकवतो.

मागचे ड्रम काढून डिस्क घालायच्या का? हा प्रश्न हल्ली सगळ्यात जास्त येतो. ड्रमविरुद्धचा आरोप खरा आहे. पाणी शिरलं की लवकर निघत नाही, चिखल शिरला की शू आणि ड्रम दोन्ही घासले जातात, शू-ड्रममधलं अंतर आपोआप जुळवणारं दातेरी चाक अडकून बसतं. तापल्यावर ड्रम फुगून शूपासून दूर जातो, त्यामुळे पेडल लांबतं. पण मागच्या चाकांना काम कमी असतं आणि हँडब्रेक म्हणून ड्रमसारखं दुसरं काही नाही. चढावर उभी गाडी धरायची तर मला ड्रमच हवा. डिस्क करायच्याच असतील तर हँडब्रेकची सोय असलेलेच कॅलिपर निवडा. आणखी एक बारीक गोष्ट: ड्रमच्या काही जुन्या रचनांत लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर नव्या डिस्कवर पॅड कायम टेकलेले राहतात आणि गाडी घरी पोचेपर्यंत मागची चाकं हाताला चटका देतात. हे सगळं सांगून झाल्यावरही ज्याची गाडी सतत चिखलात असते त्याला मी डिस्क करून देतो. बाकीच्यांना ड्रम उघडून धुवायला शिकवतो.

हँडब्रेकवरून आठवलं. जुन्या विलीज जीपचा आणि जुन्या लँड रोव्हरचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसमधून (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) बाहेर येणाऱ्या शाफ्टवर असतो. अशी गाडी फक्त टू व्हील ड्राइव्हमध्ये ठेवून मागचं एक चाक जॅकने उचललं, की डिफरन्शियल (एकाच अॅक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरजोडी) त्या मोकळ्या चाकाला फिरू देतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी निघते. चाकांना अडण लावल्याशिवाय अशा गाडीखाली जाऊ नये. हौसेने जुनी जीप घेणाऱ्या नव्या मुलांना हे कोणी सांगत नाही.

आता मोठे कॅलिपर. एका तरुणाने ५४ मिलिमीटर पिस्टनचे कॅलिपर काढून ६० चे घातले होते. क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे पॅड दाबण्याचा जोरही तेवढा वाढला. पण मोठ्या पिस्टनला तेल जास्त लागतं, पेडल खोल जायला लागलं. म्हणून कुठल्याशा गॅरेजने मास्टर सिलिंडर सात अष्टमांश इंचाचा काढून पूर्ण एक इंचाचा बसवला. पेडल वर आलं, टणक झालं, मुलगा खूश. मास्टर सिलिंडर मोठा केला की तेल सुमारे ३१ टक्के जास्त ढकललं जातं, पण तेवढ्याच पायाने तयार होणारं प्रेशर सुमारे २३ टक्क्यांनी घटतं. कॅलिपरने मिळवलेलं मास्टरने परत घेतलं, वर थोडं नुकसानच. नवा माल, नवा रंग, आणि ब्रेक पहिल्यापेक्षा किंचित कमजोर. टणक पेडल म्हणजे दमदार ब्रेक हा गैरसमज इतका पक्का आहे की त्याला हे पटवायला मला कागद-पेन्सिल घ्यावी लागली, आणि तरी त्याने मान अर्धीच हलवली.

जोर वाढवायचा खरा सरळ मार्ग मोठ्या व्यासाची डिस्क हा आहे. कॅलिपर मध्यापासून लांब सरकतो, चाक अडवणारा पिळा (टॉर्क) वाढतो, तेलाचा हिशेब बदलत नाही आणि जास्त लोखंड जास्त उष्णता साठवतं. अडचण रिमची. मोठी डिस्क १५ इंची रिममध्ये मावत नाही, १६ किंवा १७ इंची घ्यावी लागते, आणि मग त्याच उंचीच्या टायरची भिंत आखूड होते. रेतीत-खडकात हवा कमी करून चालणाऱ्यांना ती भिंत हवी असते. इथे प्रत्येकाने आपल्या वापराप्रमाणे ठरवावं. माझं मत विचाराल तर वजन कमी करणं सगळ्यात स्वस्त. छतावरचं निम्मं सामान कोणी कधी वापरताना मी पाहिलेलं नाही.

बूस्टरची, म्हणजे पेडल दाबायला मदत करणाऱ्या डब्याची, तपासणी कोणालाही जमते. इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत दाबायचं, पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. वाटेवर इंजिन अचानक बंद पडलं की बूस्टरमध्ये फक्त एक-दोन दाबांपुरती मदत शिल्लक असते, हे लक्षात ठेवून पाय एकदाच दाबून धरायचा, पंप करत बसायचं नाही. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी असल्याने बूस्टरची मदतही घटते. पेडल जड वाटलं तर लगेच दोष शोधू नये.

एबीएसबद्दल उलटसुलट ऐकू येतं. सुट्या खडीवर जाम झालेलं चाक पुढे खडीचा ढीग जमवून थांबतं, एबीएस तो ढीग जमू देत नाही, त्यामुळे अंतर वाढतं हे खरं. म्हणून फ्यूज काढून ठेवणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की परतीच्या ओल्या डांबरी रस्त्यावर तो फ्यूज कोण लावणार. काही गाड्यांत लो रेंजमध्ये एबीएसचं वागणं आपोआप बदलतं. आपल्या गाडीचं पुस्तक बघावं. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले ठेवावेत, नाहीतर सेन्सर गोंधळतात.

पाइपांच्या कामात मात्र मी कुठलीही सवलत देत नाही. तांब्याचा साधा पाइप नको, तो कंपनाने कडक होऊन चिरतो. पोलादी किंवा तांबे-निकेलचा घ्यावा. पाइपाच्या टोकाचा फ्लेअर (पसरवून घडवलेली कड) समोरच्या जोडाला जुळणाराच हवा, दुहेरी फ्लेअरच्या जागी बबल फ्लेअर आवळला तर आज गळणार नाही, पण जोरात ब्रेक मारायची वेळ येईल तेव्हा गळेल. दाबून बसवायचे कॉम्प्रेशन जोड ब्रेकच्या लाइनला लावूच नयेत. नट सोडायला फ्लेअर नटाचा खास पाना वापरावा, साध्या पान्याने कडा गोल होतात.

काम झाल्यावर लगेच डोंगरावर जाऊ नये. इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली सरकलं तर मास्टर सिलिंडर आतून गळतो आहे, जमिनीवर थेंब पडो न पडो. नव्या पॅडना डिस्कशी सलगी करू द्यावी लागते. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगातून दहापर्यंत मध्यम दाबाने अनेकदा उतरायचं, पूर्ण थांबायचं नाही, मग ब्रेक न लावता थोडं अंतर चालवून थंड होऊ द्यायचं. नंतर रिकाम्या सपाट जागेवर, आधी रिकामी आणि मग भरलेली गाडी, जोरात थांबवून बघायची. एबीएस नसलेल्या गाडीत पुढची चाकं आधी जाम झाली पाहिजेत. मागची आधी झाली तर जुळणी चुकली, काम परत करायचं. आणि पाय-चाचणी झाल्यावर पुन्हा गाडीखाली जाऊन प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून बघायचा.

आपल्या पुरवणीला एक विनंती. तयार केलेल्या गाड्यांचे फोटो छापता तेव्हा मालकाला टायरचं माप विचारता, तसंच मागच्या व्हॉल्व्हचं काय केलं आणि गाडीचं भरलेलं वजन किती, हेही विचारून छापा. आणि वाचकांनी, दुसऱ्या गाडीचे ब्रेकचे भाग आपल्या गाडीत बसवले असतील तर एका कागदावर लिहून ठेवावं: कॅलिपर कुठल्या मॉडेलचे, पॅडचा क्रमांक काय, मास्टर सिलिंडर कितीचा, हवा कुठल्या क्रमाने काढायची. कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवा. अनोळखी ठिकाणी पॅड संपले की मालक गाडीचं नाव सांगतो, दुकानदार त्या गाडीचे पॅड काढून देतो, आणि ते बसत नाहीत.

आपला,
ब्रेकचं काम करणारा एक वाचक